तक्रार न करणारी माणसे

लखनौविषयीचा एक विनोद साऱ्या उत्तर भारतात सांगितला जातो. दोन नवाब रेल्वेच्या फलाटावर उभे असतात. गाडी येते. 'पहले आप', 'जी नहीं, पहले आप' असा परस्परांना आग्रह चालू राहतो आणि गाडी निघून जाते. विनोद ऐकणारा हसतो. परंतु त्या दोघांना जायचे कोठे होते आणि गाडी चुकल्याने त्यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. ज्याचे वर्तन निर्दोष असते त्याची अडचण नजरेत भरत नाही. आजच्या विषयाचे मूळ याच गोष्टीत आहे.

या शहरात मूल बोलू लागले की त्याला प्रथम अदब शिकविली जाते. कोणी प्रकृती विचारली तर 'जी, सब ठीक है' किंवा 'आपकी दुआ है' असे उत्तर द्यावयाचे, हे ते आपल्याला काय होते आहे हे ओळखण्यापूर्वीच शिकते. या रीतीत गोडवा आहे आणि तिच्यावर टीका करण्याचा येथे हेतू नाही. मात्र ही रीत म्हणजे प्रकृतीविषयीची माहिती होय, असे समजणारा डॉक्टर अथवा शिक्षक हमखास फसतो. अन्यत्रही स्थिती फारशी निराळी नाही. मुख्याध्यापकांना लिहावयाच्या अर्जाच्या शेवटी हिंदी प्रदेशातील मुले 'आपका आज्ञाकारी शिष्य' असे लिहितात, तर महाराष्ट्रातील मुले 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असे लिहितात. रजा मागावयाची असो वा फीची सवलत, आज्ञाधारकपणाची ग्वाही आधी द्यावी लागते.

वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. त्यांतील दोन-तीन दंगा करतात आणि शिक्षकाचे बहुतेक लक्ष त्यांच्याकडेच जाते. ते स्वाभाविक आहे, कारण दंगेखोर मूल पाठ बंद पाडते; मुके मूल काहीच बंद पाडीत नाही. ई. के. विकमन या अमेरिकन संशोधकाने 1928 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या वर्तनातील पन्नास दोषांची यादी शिक्षकांपुढे आणि मानसतज्ज्ञांपुढे ठेवली होती. चोरी, अवज्ञा, उद्धटपणा हे शिक्षकांना सर्वांत गंभीर वाटले. तज्ज्ञांनी मात्र एकलकोंडेपणा, भित्रेपणा, खिन्नता व संशयीपणा यांना वरचे स्थान दिले. दोन्ही गटांना दिलेल्या सूचना सारख्या नव्हत्या, असा आक्षेप पुढे या अभ्यासावर घेण्यात आला आणि तो योग्य होता. शिक्षकाने आजच्या वर्गाचा विचार केला आणि तज्ज्ञाने उद्याच्या माणसाचा. परंतु या आक्षेपामुळे मूळ प्रश्न अधिकच टोकदार होतो: उद्याच्या माणसाचा विचार शाळेत कोण करणार?

रुग्णालयातील अनुभव याहून बोलका आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी लहान मुलांना रुग्णालयात ठेवले की आईवडिलांच्या भेटीवर कडक निर्बंध असत. पहिले एक-दोन दिवस मूल आक्रोश करी. नंतर ते शांत होई. 'आता रुळले' असे परिचारिका म्हणत. जेम्स रॉबर्टसन यांनी हे 'रुळणे' जवळून पाहिले. त्यांच्या आणि जॉन बोल्बी यांच्या मते प्रथम निषेध, मग निराशा आणि शेवटी अलिप्तता अशा अवस्थांतून ते मूल जात होते. ज्या शांततेला प्रकृतीतील सुधारणा समजले जात होते, ती खरोखर आशा सोडून दिल्याची खूण होती. 1952 मध्ये रॉबर्टसन यांनी लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या आतील एका मुलीवर चित्रपट दाखविला. शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात होती. ती फारशी रडत नाही. चेहरा सावरून धरते, आपले खेळण्यातील अस्वल घट्ट कवटाळते आणि मधूनच हलक्या आवाजात आईची चौकशी करते. लंडनमधील वैद्यक व्यावसायिकांनी त्या चित्रपटाचे स्वागत रोषाने केले. स्वतःच्या वॉर्डातील शांत मुलांविषयी वर्षानुवर्षे वाटत आलेले समाधान एका चित्रपटाने काढून घ्यावे, हे कोणालाही जड जाणारच. 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना मुक्तपणे भेटू देण्याची शिफारस केली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत आई बहुधा खाटेपाशी बसलेली असते. अनेकदा ही सोय मनुष्यबळाच्या अभावातून आलेली असली, तरी मुलाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे.

वृद्धांच्या बाबतीत हीच चूक जिवावर बेतू शकते. संसर्गाने, औषधाने अथवा शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णाच्या मेंदूचे कार्य एकाएकी बिघडते. तो बडबडू लागला, नळ्या ओढू लागला, तर धावपळ होते आणि कारण शोधले जाते. परंतु याच विकाराचा एक निःशब्द प्रकार आहे. त्यात रुग्ण गुंगल्यासारखा पडून राहतो, हाकेला उशिरा ओ देतो, दिलेले दोन घास मुकाट्याने तोंडात धरून ठेवतो. 'आजी आज शांत आहेत, त्रास देत नाहीत,' असे म्हणून सर्वजण समाधान मानतात; आतला संसर्ग मात्र वाढत राहतो. विस्मृतीचा विकार झालेल्या माणसाला वेदना सांगताही येत नाही. कूस बदलताना कपाळावर पडणारी आठी किंवा आखडून धरलेला हात यांवरूनच ती वाचावी लागते.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात लखनौची परंपरा जुनी आहे. स्टॅन्ले जोन्स यांनी 1950 मध्ये येथे नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र स्थापन केले. किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बी. बी. सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 300 नागरी कुटुंबांची मानसिक पाहणी 1967 मध्ये आणि 500 ग्रामीण कुटुंबांची पाहणी 1972 मध्ये प्रसिद्ध केली. या पाहण्यांचे मोल आकड्यांपुरते नाही. रुग्ण दाराशी येईपर्यंत न थांबता स्वतः त्याच्या दाराशी जावे, ही दृष्टी त्यांत होती. जो तक्रार करीत नाही त्याला शोधण्याचा दुसरा मार्ग नाही. बाह्यरुग्ण विभागात आलेली स्त्रीदेखील 'मी दुःखी आहे' असे सांगत नाही. घबराहट होते, डोके जड होते, जी नहीं लगता, अशी तिची भाषा असते. गॅसची गोळी घेऊन ती आभार मानून जाते आणि पुढल्या महिन्यात पुन्हा येते.

मग ओळखावे कसे? येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. प्रत्येक अबोल मूल दुःखी असते असे मुळीच नाही. स्वभावतः मितभाषी असलेल्या, एकांतात रमणाऱ्या मुलाच्या मागे चौकशीचा ससेमिरा लावणे हाही छळच होय. स्वभावापेक्षा बदल पाहावा. पूर्वी मधल्या सुट्टीत खेळणारे मूल आता वर्गात बसून राहते काय? डबा न उघडता घरी परत जातो काय? वहीतील तेच वाक्य कागद फाटेपर्यंत खोडले जाते काय? सोमवारी सकाळीच पोट दुखते काय? दिवसभर एकदाही लघवीला जाण्याची परवानगी न मागणारे मूल शिस्तप्रिय असेलच असे नाही. कदाचित त्याला मागण्याचीच भीती वाटत असेल. काही मुले शाळेत सहा तास स्वतःला आवळून धरतात आणि घराचा उंबरठा ओलांडताच कोसळतात. आई ते सांगावयास येते, तेव्हा 'आमच्याकडे तर अगदी गुणी आहे' हे उत्तर तिला ऐकावे लागते. दोघांचेही म्हणणे खरे असते. म्हणूनच ते एकत्र ठेवून पाहिले पाहिजे. स्वमग्नता असलेल्या अनेक मुलींचे निदान याच कारणाने उशिरा होते. इतरांचे अनुकरण करून त्या आपली अडचण झाकतात.

'ठीक आहेस ना?' हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर त्याच्यातच दडलेले असते. चारचौघांत उभे करूनही विचारू नये. वह्या गोळा करताना, झाडांना पाणी घालताना, नजरेला नजर न भिडविता 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास?' असे काही विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. शिक्षकांना या थांबण्याचाच कंटाळा असतो. मुलाने काही गंभीर सांगितले, तर ते कोणालाही सांगणार नाही असे वचन देऊ नये. ते पाळता येत नाही. 2012 च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने तर अशी माहिती कळविणे बंधनकारक केले आहे. आणखी एक साधी कसोटी आहे. मुलाला किंवा रुग्णाला नाही म्हणता येईल अशी लहानशी संधी द्यावी: खिडकी उघडू की नको, दूध आता की नंतर. जो प्रत्येक वेळी 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणतो, त्याच्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावे.

वॉर्डाच्या नोंदवहीत रात्रपाळीची परिचारिका बहुधा घाईतच लिहिते: 'खाट क्रमांक सात, रुग्ण शांत.' या एका शब्दापुढे रुग्ण किती जेवला, कोणाशी बोलला आणि हाक मारल्यावर किती वेळाने डोळे उघडले, एवढे लिहिण्यास दोन ओळी पुरतात. सकाळी येणाऱ्या डॉक्टरांनी प्रथम त्या दोन ओळी वाचाव्यात आणि फेरी खाट क्रमांक सातपासून सुरू करावी.