संगणकाचा छंद

'छंद' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि वरवर पाहता ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. छंद म्हणजे मनाची ओढ, स्वतःची इच्छा. 'स्वच्छंद' या शब्दात हाच अर्थ आहे. आणि छंद म्हणजेच वृत्त, गण, मात्रा व यती यांनी बांधलेली पद्याची चौकट. एकात मोकळीक, तर दुसऱ्यात बंधन. परंतु ज्याने एखादा छंद मनापासून जोपासला आहे त्याला हे दोन अर्थ निराळे वाटत नाहीत. सतार शिकणारा स्वतःच्या खुषीने सतार हाती घेतो आणि मग बोटांना घट्टे पडेपर्यंत तिची शिस्त सोसतो. गुलाबांची हौस असलेला गृहस्थ कोणी न सांगता छाटणीचे दिवस पाळतो. आपण होऊन पत्करलेले बंधन, हेच छंदाचे खरे स्वरूप होय.

छंदांच्या या जुन्या पंगतीत गेल्या पन्नास वर्षांत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे संगणकाला आज्ञा देण्याची विद्या, ज्याला सर्वत्र प्रोग्रॅमिंग म्हणतात. हा पाहुणा तरुणांचा, त्यातही इंजिनीयर तरुणांचा, असा एक समज आहे. पन्नाशी गाठलेला माणूस घरात नवा संगणक आला की कौतुकाने त्याच्याकडे पाहतो, त्यावरून पुतळ्यावरून फिरवावा तसा हात फिरवतो आणि पुढचे सारे मुलांच्या स्वाधीन करतो. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासारखे आहे.

एके काळी संगणक ही छंदाची वस्तू असणे शक्यच नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतात घडवलेला संगणक काम करू लागला. निर्वात नळ्यांवर चालणारे ते यंत्र म्हणजे एका मोठ्या संस्थेचे वैभव होते. ते कोणी घरी नेऊन त्याच्याशी खेळेल, ही कल्पनाही कोणास सुचली नसती. चित्र पालटले ते १९७५ साली. त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा सुटे भाग जोडून घरी तयार करण्याचा संगणक झळकला. त्याला ना पडदा होता, ना कळफलक. समोरच्या खटक्या वरखाली करून आज्ञा द्यायची आणि दिव्यांच्या उघडझापीवरून उत्तर ओळखायचे. तरीही हौशी माणसांनी त्यावर उड्या टाकल्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका घराच्या मोटारखान्यात अशा हौशी मंडळींची पहिली बैठक भरली, आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' जन्मास आला. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी आपला पहिला ॲपल संगणक प्रथम दाखवला तो याच मंडळात, मित्रांना दाखवण्यासाठी.

छंदातून मोठी कामे उभी राहिल्याची आणखी दोन उदाहरणे आहेत. १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, ख्विडो फान रॉसुम या डच प्रोग्रॅमरने रिकामा वेळ घालवण्यासाठी एक नवी संगणकभाषा रचण्यास घेतली. तीच आज शाळांपासून प्रयोगशाळांपर्यंत वापरली जाणारी 'पायथॉन' भाषा. १९९१ च्या आरंभी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने नवा संगणक विकत घेतला. तो नीट समजावून घ्यावा म्हणून केलेल्या खटाटोपातून 'लिनक्स' निर्माण झाले. त्या ऑगस्टमध्ये इतरांना त्याची वार्ता देताना त्यांनी बजावले होते की हा केवळ छंद आहे, यातून फार मोठे काही व्हायचे नाही. आज जगातील मोठमोठे संगणक आणि कोट्यवधी भ्रमणध्वनी लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात.

पण ही झाली असामान्यांची गोष्ट. सामान्य माणसाला या छंदातून काय मिळते? पहिले म्हणजे आपल्या विचारांतील धूसरपणाचे दर्शन. आपल्या पाककृतींत 'चवीपुरते मीठ' असे लिहिलेले असते. वाचणारीला ते पुरते, कारण तिच्या जिभेला चव ठाऊक असते. संगणकाला जीभ नाही. 'साधारण', 'अंदाजे', 'वेळ पाहून' हे शब्द त्याच्या लेखी अर्थशून्य आहेत. त्याला सांगायचे तर आधी स्वतःला नेमके कळले पाहिजे, आणि येथेच शिकणाऱ्याची खरी परीक्षा असते.

लीप वर्षाचेच पाहा. चारने भाग जाणारे ते लीप वर्ष, असे बहुतेकांना पाठ असते. नवशिक्याने तेवढीच आज्ञा लिहिली, तर संगणक १९०० हे लीप वर्ष असल्याचे निःशंकपणे सांगेल, आणि ते चूक ठरेल. कारण शतकाचे वर्ष चारशेने भाग गेल्यासच लीप धरतात. म्हणून २००० होते, १९०० नव्हते आणि २१०० नसेल. गंमत अशी की ही चूक थोरामोठ्यांनाही सुटलेली नाही. 'लोटस १-२-३' या एके काळच्या प्रसिद्ध हिशेबी आज्ञावलीने १९०० हे लीप वर्ष धरले होते. तिच्याशी मेळ राहावा म्हणून पुढे 'एक्सेल'नेही ते तसेच ठेवले. त्यामुळे कधीही न उगवलेली २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आजही त्या तक्त्यांत सुखाने नांदत आहे. स्वतः चार ओळी लिहून ही चूक ज्याने शोधली, तो यंत्राच्या प्रत्येक उत्तरापुढे मान तुकवणार नाही. उत्तर यंत्राचे असले तरी नियम माणसाने घातलेला असतो, हे त्याला उमगलेले असते.

दुसरी प्राप्ती याहून मोठी आहे, आणि ती उतारवयातील माणसासाठी अधिक मोलाची आहे. ती म्हणजे पुन्हा नवशिके होण्याचा अधिकार. जपानच्या मासाको वाकामिया यांचे चरित्र या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १९३५ सालचा. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी बँकेत नोकरी केली. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी आपला पहिला संगणक घेतला. तो जोडून सुरू करण्यातच त्यांचे तीन महिने गेले. घरी वृद्ध आईची शुश्रूषा होती, बाहेर पडणे अवघड होते. संगणकामुळे घरबसल्या समवयस्कांशी बोलता येऊ लागले. हिशेबाचे तक्ते रुक्ष वाटले, तेव्हा त्यांनी एक्सेलच्या चौकोनांत रंग भरून वेलबुट्ट्या काढल्या.

वृद्धांना खेळता येतील असे खेळ भ्रमणध्वनीवर नाहीत, ही त्यांची तक्रार होती. झटपट बोटे फिरवणाऱ्या तरुणांपुढे म्हातारी माणसे हरणारच! असा खेळ तयार करावा, असे त्यांनी जाणकार तरुणांना सुचवले. तेव्हा तो तुम्हीच का करीत नाही, असे उत्तर मिळाले. मग वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, दूरगावी राहणाऱ्या एका तरुणाकडून इंटरनेटद्वारे धडे घेत, त्या 'स्विफ्ट' ही संगणकभाषा शिकल्या. २०१७ साली त्यांचा 'हिनादान' हा खेळ प्रसिद्ध झाला. जपानात ३ मार्चला मुलींचा बाहुल्यांचा सण असतो. चैत्रगौरीपुढे आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात, किंवा तमिळ घरांत नवरात्रात गोलू मांडतात, तशाच पायऱ्यांवर राजा, राणी, दासी, वादक यांच्या बाहुल्या ठरलेल्या जागी बसवायच्या असतात. खेळही तोच. त्यात घड्याळाची घाई नाही. बोट सरकवायचे नाही, नुसते टेकवायचे. कोणत्या बाहुलीची जागा कोणती, हे तरुणांपेक्षा आजीबाईंनाच अधिक ठाऊक! त्याच वर्षी जून महिन्यात ॲपल कंपनीच्या सॅन होजे येथील संमेलनाला त्यांना निमंत्रण आले, आणि २०१८ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रसंघात बोलल्या.

या कथेतील सन्मानाचा भाग सोडून दिला तरी तिचे मर्म उरतेच. वृद्धांसाठी काय हवे, हे वृद्धांनाच कळते. पण ते मागत बसण्याऐवजी घडवण्याचे सामर्थ्य हाती आले की मनुष्य आश्रित राहत नाही. आज निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला, रेल्वेचे आरक्षण, बँकेचा व्यवहार, सारे पडद्यावर चालते. त्या पडद्यापुढे पूर्वीचा हेडमास्तर वा मामलेदार आपल्या नातवाची वाट पाहत ओशाळा बसतो. त्याची बुद्धी आटलेली नसते. आटलेले असते ते धाडस. चूक झाली तर हसे होईल, ही भीती त्याला अडवते. पण संगणक हा मोठा सहनशील गुरू आहे. एकच चूक शंभर वेळा केली तरी तो शंभरदा त्याच शांतपणे ती दाखवतो. हसत नाही, कंटाळत नाही, वयही विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, की हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच आज्ञावली लिहून देते, मग हा खटाटोप कशाला? ग्रामोफोन आला म्हणून घरोघरची गाणी बंद पडली नाहीत. उलट तबकडी ऐकून कान तयार झालेल्यांनी अधिक डोळसपणे रियाज केला. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ठरवायलाही थोडे स्वतःला यावे लागते. नाहीतर १९०० साली २९ फेब्रुवारी होती, हेही मुकाट्याने मान्य करावे लागेल.

आरंभासाठी फार काही लागत नाही. घरातला जुना संगणकही चालतो. 'पायथॉन' विनामूल्य मिळते. रोज एक तास, तोही शक्यतो एकाच वेळी. पुस्तकातील उदाहरण नुसते न वाचता स्वतः टंकून पाहावे, मग एखादा आकडा बदलून काय बिघडते ते पाहावे. आणि लवकरच आपल्या संसारातला एखादा प्रश्न घ्यावा: ठेवीवरचे व्याज, भजनी मंडळाची वर्गणी, पुस्तकांची यादी. दुसऱ्याच्या प्रश्नात मन रमत नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर उमटले की त्या दिवशी जेवणाची चवही निराळी लागते. जवळ एखादा तरुण शिकवणारा असेल तर उत्तमच. त्याला गुरू मानण्यात कमीपणा नाही. त्यालाही देण्यासारखे आपल्यापाशी पुष्कळ असते.

पहिल्या दिवशी दोन ओळी चालतील, आठव्या दिवशी दहा. त्यांतल्या निम्म्या चुकतील आणि दुरुस्त होतील. नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत ज्याला चुकण्याची मोकळीक क्वचितच मिळाली, त्याला ही मोकळीक लाभते, हेही काही कमी नाही.