पकड घडवावी लागते



बुवापाडा, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील तरुणांच्या आवडत्या कबड्डीत टाळ्या बहुधा चढाईपटूला मिळत असल्या, तरी सामना तोलून धरते ती पकड. आणि पकड घडवावी लागते.

कोपरारक्षक, म्हणजे बचावफळीच्या टोकाचा खेळाडू, घोटा धरतो, तर त्याच्या आतील बाजूचा मध्यरक्षक चढाईपटूची परतीची वाट अडवतो.

म्हणून महाविद्यालयीन संघ निवडताना केवळ वजन न पाहता पायांची चपळाई, मनगटाची ताकद आणि संयम पारखावा. कारण साखळीत, म्हणजे हात धरलेल्या जोडीत, एकाने घाई केल्यास दोघेही बाद होऊ शकतात.



श्रोतेहो, चढाई डोळ्यांत भरते. पकड मात्र घडवावी लागते.