प्रवाही पाणी आणि प्राणवायूचे सूक्ष्म बुडबुडे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पाणी गाळून पिणे हा जैन आचाराचा अगदी पहिला धडा होय. दुहेरी, जाड कापडातून पाणी गाळावयाचे. कापडावर राहिलेली जीवाणी गाळलेल्या पाण्याने अलगद धुऊन घ्यावयाची आणि जेथून पाणी आणले, त्याच जलाशयात परत सोडावयाची. तीही वरून ओतावयाची नाही, तर भांडे पाण्यापर्यंत उतरवून. दुसऱ्या विहिरीत ती सोडू नये, कारण तेथील पाणी त्या जीवांना मानवेलच असे नाही. एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या या विधीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मूळ जलाशय जीवांना जगवण्यास समर्थ आहे. पंचगंगेच्या काठी आज नेमके हे गृहीतच डळमळीत झाले आहे. जीवाणी विधिपूर्वक परत सोडली, पण त्या पाण्यात प्राणवायूच उरला नसेल, तर त्या दयेचे पुढे काय होते?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शास्त्रात सांगितलेले अप्कायिक जीव आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जीव एकच आहेत, असे म्हणण्याची घाई करू नये. अप्कायिक जीवांचे शरीरच पाणी. पाण्यात हालचाल करणारे ते त्रस जीव निराळे. पाण्याच्या एका थेंबात 36,450 जीव असतात, हा आकडा अनेक पुस्तिकांतून छापला जातो. वस्तुतः थेंबाथेंबांत ही संख्या बदलते, आणि अहिंसेच्या विचाराला त्या आकड्याच्या आधाराची गरजही नाही.

पाण्यात राहणारे मासे, कीटक आणि असंख्य सूक्ष्म प्राणी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात 20 अंश सेल्सिअस तापमानाला जास्तीत जास्त 9 आणि 30 अंशांना साडेसात मिलिग्रॅम एवढाच मावतो. म्हणजे उन्हाळ्यात गरज वाढते आणि साठा घटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य नदीत तो लिटरला किमान 5 आणि मत्स्यजीवनासाठी किमान 4 मिलिग्रॅम असावा लागतो.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा सुरू होते आणि सुमारे 80 किलोमीटर वाहून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. वाटेत कोल्हापूर व इचलकरंजी ही शहरे, साखर कारखाने आणि वस्त्रोद्योग. सांडपाण्यातील सेंद्रिय मळ कुजवणारे जिवाणू प्राणवायू भराभर संपवतात. कसबा बावडा येथे 76 दशलक्ष लिटर क्षमतेचा शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला, तरी जयंती नाल्याचे नाव वर्तमानपत्रांतून पुसले गेले नाही.

त्यात भर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. या बंधाऱ्यांनी शेती फुलवली, शिरोळ-हातकणंगले भागातील असंख्य श्रावक कुटुंबांचे संसार उभे केले, हे निर्विवाद आहे. परंतु पावसाळ्यानंतर बरगे घातले की वाहती नदी साचलेल्या डोहांची माळ होते. खडकांवर आपटून, फेसाळून हवा गिळण्याची तिची सवय थांबते. जलपर्णी पृष्ठभाग झाकते. खालचा गाळ उरलासुरला प्राणवायू शोषतो. मग वरच्या बंधाऱ्यातील कुजके पाणी एकदम खाली सुटले की तेरवाड बंधाऱ्यासारख्या ठिकाणी मृत माशांचा खच पडतो. हे दृश्य शिरोळ तालुक्याने एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. त्यातील पुष्कळ मासे विषाने नव्हे, तर श्वास कोंडून मरतात.

अशा पाण्याला प्राणवायू देण्याचा एक आकर्षक मार्ग म्हणजे विद्युत अपघटन. 1800 साली व्होल्टाच्या विद्युतघटाची वार्ता लंडनला पोहोचताच निकल्सन व कार्लाइल यांनी वीज पाण्यातून सोडून पाहिली. धनाग्रावर प्राणवायू आणि ऋणाग्रावर त्याच्या दुप्पट घनफळाचा हायड्रोजन सुटला. पुढे फॅरेडेने किती विजेला किती वायू मिळतो, याचा नियम बसवला. त्या नियमात दोन शतकांत फरक पडलेला नाही, हे विक्रेत्याची माहितीपुस्तिका वाचताना ध्यानात ठेवावे.

यातील नवे कौशल्य बुडबुड्याच्या आकारात आहे. धनाग्र व ऋणाग्राच्या जाळ्या दोन-तीन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी अंतरावर ठेवतात आणि त्यांच्यामधून पाणी वाहते ठेवतात. बुडबुडा मोठा होण्यापूर्वीच, शेजाऱ्याला चिकटण्यापूर्वीच, प्रवाह त्याला खुडून नेतो. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा क्षणार्धात वर येऊन फुटतो आणि त्यातील बहुतेक वायू हवेत जातो. त्याच वायूचे शतांश मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले, तर ते दहा लाख होतात, त्यांचे एकूण पृष्ठफळ शंभरपट होते, आणि असा बुडबुडा स्थिर पाण्यात एक मीटर वर चढायला सुमारे पाच तास घेईल. तेवढ्या अवधीत तो बहुधा विरघळूनच जातो. गंमत अशी, की अमेरिकेत अशी उपकरणे विकली गेली ती गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना, पकडलेले मासे पेटीत जिवंत राहावेत म्हणून! साधन एकच, ते दयेसाठी वापरावे की शिकारीसाठी, हे ज्याच्या हाती ते आहे त्याने ठरवावयाचे.

आता हिशेब. एक ग्रॅम प्राणवायूसाठी सुमारे 3.35 अँपिअर-तास वीज लागते. दहा हजार लिटरच्या हौदात लिटरमागे 2 मिलिग्रॅम वाढ हवी असेल, तर 20 ग्रॅम प्राणवायू पुरतो. 6 व्होल्ट दाबाला, सर्व वायू विरघळला असे धरून, त्यास जेमतेम अर्धे युनिट वीज लागेल. गोशाळेच्या हौदाला किंवा लहान तळ्याला हे सहज परवडावे. परंतु दहा लाख लिटर कच्च्या सांडपाण्याची भूक सुमारे 200 किलो प्राणवायूची असते, आणि ती याच मार्गाने भागवायची तर चार हजार युनिटे खर्ची पडतील. हवा घुसळणारी साधी यंत्रे तेच काम दोनशे युनिटांच्या आसपास करतात. जयंती नाल्यात विजेच्या जाळ्या सोडून पंचगंगा वाचवू, असे कोणी सांगितले, तर त्याला हा हिशेब नम्रपणे दाखवावा.

दुसरी अडचण अहिंसेच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. नदीच्या आणि सांडपाण्याच्या पाण्यात मीठ असतेच. त्यातील क्लोराइडपासून धनाग्रावर क्लोरीन तयार होतो. जेथे तो साचतो, तेथे प्राणवायूने जगवावयाचे तेच सूक्ष्म जीव क्लोरीनने मरतात. खारट पाण्यात हे उपकरण नकळत जंतुनाशक यंत्र बनते. म्हणून पाण्यातील क्लोराइड तपासल्याविना ते बसवूच नये. बंदिस्त जागेत हायड्रोजन साचू नये म्हणून वायुवीजन हवे. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. आणखी एक गैरसमज दूर व्हावा. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. तसले विषाणू प्राणवायूच्या बुडबुड्यांनी नाहीसे होत नाहीत. पाणी सजीवांस पोषक असणे आणि पिण्यास निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग हे तंत्र शोभते कोठे? जेथे पाणी मुळात स्वच्छ आहे, थोडे आहे आणि वाहते आहे, तेथे. ठिबक सिंचनाची नळी हे त्याचे उत्तम उदाहरण. चोपण काळ्या जमिनीत पाणी भरले की मुळांचा श्वास कोंडतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ठिबकच्या पाण्यात हवा मिसळून भारी जमिनीतील पिकांचे उत्पन्न वाढल्याचे प्रयोग झाले आहेत. तेथे हवाच वापरली होती, वीज नव्हे, हेही सांगितले पाहिजे. शिरोळच्या क्षारपड शिवारात मात्र क्लोरीनचा प्रश्न पुन्हा आडवा येतो.

नदीसाठी उपाय जुनाच आहे: मळ नदीत जाण्याआधी अडवणे, बंधाऱ्यावरून पाणी पातळ पडद्यासारखे पडते ठेवणे, जलपर्णी वेळीच काढणे. त्यात यंत्राचा डौल नाही, म्हणून त्याची उद्घाटनेही होत नाहीत.

एखाद्या संस्थेने हौदासाठी असे उपकरण घ्यावयाचे ठरवले, तर खरेदीपूर्वी आणि नंतर प्राणवायू मोजून घ्यावा. विंकलर यांनी 1888 साली दिलेली पद्धत कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत करता येते. निळा झालेला नमुना शेवटच्या थेंबाला रंगहीन होतो आणि लागलेल्या द्रावणावरून प्राणवायू कळतो. नमुना दुपारी घेऊ नये. दुपारी शेवाळ स्वतःच प्राणवायू सोडते आणि कोणतेही उपकरण गुणकारी भासते. नमुना पहाटे, सूर्योदयापूर्वी घ्यावा, तोही तळाजवळचा.