गिधाडांनी दिलेला धडा



विज्ञान आणि समाज यांच्यातील संवादाचा विषय निघाला की चर्चा बहुधा अणुऊर्जा वा संगणक यांकडे वळते. परंतु हा संवाद तुटला म्हणजे केवढा अनर्थ ओढवतो, हे भारताला शिकविले ते गिधाडांनी.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील गिधाडे झपाट्याने घटत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या निदर्शनास आले. प्रारंभी संशय साथीच्या रोगावर होता. मृत पक्ष्यांच्या शरीरात युरिक आम्लाचे पांढरे थर आढळत. कारण मात्र उमगत नव्हते. अखेर २००४ साली पाकिस्तानातील पंजाबात संशोधन करणाऱ्या डॉ. लिंडसे ओक्स यांच्या पथकाने ते शोधून काढले. गुरांच्या वेदना शमविणारे डायक्लोफिनॅक! ते टोचल्यानंतर लवकरच दगावलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ मध्ये जेथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती, तेथे २००७ पर्यंत जेमतेम एक उरले.

यात खलनायक कोणीच नव्हता. शेतकऱ्याने मुक्या जनावराचे दुःख हलके केले. पशुवैद्यकाने स्वस्त व गुणकारी औषध दिले. प्रत्येक जण आपापल्या जागी योग्यच होता. मात्र जनावर मेल्यानंतर त्याच्या देहातील औषधाचे काय होते, हा प्रश्न कोणी कोणाला विचारलाच नाही! जटायूची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या समाजाच्या डोळ्यांदेखत आकाश रिते झाले. गावोगावी मृत जनावरे कुजत पडू लागली, त्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली. मुंबईतील पारशी समाजाला तर अंत्यसंस्काराच्या प्राचीन परंपरेसाठी सौरऊर्जेचे साहाय्य घ्यावे लागले.

गिधाडांना सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम उपलब्ध झाले आणि २००६ साली शासनाने डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरपुरते मर्यादित करावे लागले. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक, तर २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड या औषधांवर तशीच बंदी आली.

हा क्रमच विचार करावयास लावणारा आहे. आधी औषध बाजारात येते, मग पक्षी मरतात, मग संशोधन होते आणि शेवटी बंदी! वर्षाकाठी एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला एवढा विलंब परवडणारा नाही. गुरांसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवरील परिणामांच्या दृष्टीने परीक्षा बाजारात येण्यापूर्वीच व्हावयास हवी.

आणि केवळ कायदा पुरेसा नाही. कोणती कुपी फोडायची याचा निर्णय दिल्लीत नव्हे, तर गोठ्यात आणि औषधाच्या दुकानात होत असतो. तज्ज्ञांचा संवाद परिषदांच्या सभागृहांतून निघून त्या गोठ्यापर्यंत पोहोचेल, तेव्हाच विज्ञान खऱ्या अर्थाने समाजाचे होईल.