शाळेचा दाखला आणि मुलाचा न्याय

एखाद्या मुलाच्या हातून अपराध घडला, कीं त्यानें काय केलें यापूर्वीं कायदा त्याचें वय विचारतो. पुष्कळ सुशिक्षित घरांतही ही गोष्ट ठाऊक नसते. वय १८ च्या आंत असेल, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें त्यास कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवतां येत नाहीं. २४ तासांच्या आंत त्यास बालन्याय मंडळापुढें न्यावें लागतें. या मंडळांत एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात, आणि त्या दोघांत एक स्त्री असते. मुलाचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास बंदी आहे. १६ ते १८ या वयाच्या मुलानें घोर गुन्हा केला असेल, तर प्राथमिक चौकशीअंतीं त्याचा खटला प्रौढांप्रमाणें चालूं शकतो; पण फांशी त्यासही देतां येत नाहीं.

मग वय ठरवावयाचें कशावरून? दिसण्यावरून शंका राहिली, तर प्रथम शाळेचा दाखला पाहतात. तो नसेल तर नगरपालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तेव्हां हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीचा अंदाज दोन वर्षें इकडे तिकडे होऊं शकतो, आणि १८ च्या उंबरठ्यावर दोन वर्षें म्हणजे सारें कांहीं!

आतां शाळेंतील नोंद कशी होत असे, हें जुन्या शिक्षकांस विचारावें. बाप मुलाचा हात धरून येई. जन्म केव्हांचा म्हणून विचारलें, तर 'त्या मोठ्या पुराच्या सालचा' असें उत्तर मिळे. मास्तर बोटांवर हिशेब करीत आणि १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. महाराष्ट्रांत इतक्या वडीलधाऱ्या मंडळींचे वाढदिवस एकाच दिवशीं येतात, त्याचें रहस्य हेंच. त्यांत लबाडी नव्हती. परंतु त्या ओळीवर पुढें कोणाचें तरी आयुष्य टांगलेलें असेल, असें त्या वेळीं कोणाच्या मनांत येणार?

पुण्यास २६ ऑगस्ट १९९४ रोजीं एका घरांत पांच स्त्रिया व दोन मुलें यांची हत्या झाली. अपराध असा, कीं ऐकणाऱ्याच्या मनांतील दया आटून जावी. राजस्थानांतील एका आरोपीस सज्ञान समजून फांशीची शिक्षा झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानें ती २००० सालीं कायम केली. २०१८ सालीं त्यानें अर्ज केला, कीं आपण त्या वेळीं बालक होतों. न्यायालयाच्या आज्ञेवरून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनीं चौकशी केली. बिकानेर जिल्ह्यांतील शाळेच्या दाखल्यांत नांव थोडें निराळें होतें, पण माणूस तोच होता. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशीं त्याचें वय १२ वर्षें ६ महिने!

एवढ्या लहान मुलाच्या हातून असें कृत्य घडावें, याचा धक्का न्यायमूर्तींसही बसला. पण तेवढ्यावरून दाखला खोटा मानण्यास त्यांनीं नकार दिला. २७ मार्च २०२३ रोजीं त्यास मुक्त करण्याचा हुकूम झाला. बालगुन्हेगारास अडकवून ठेवण्याची कायद्यांतील कमाल मुदत ३ वर्षें. त्याचीं २८ वर्षें गेलीं होतीं. वयाचा प्रश्न कोणत्याही टप्प्यावर, निकाल कायम झाल्यावरही, काढतां येतो, म्हणून तरी हें शक्य झालें. तो दाखला देणारी शाळा आधींही होतीच. तिच्याकडे वेळेवर विचारणा झाली नाहीं.

शहरांतील घरांचाही याच्याशीं संबंध आहे. घरकामास, दुकानावर किंवा गाडी पुसण्यास परगांवचा पोरगा येतो. आणणारा मुकादम त्यास 'अठरा सांग' म्हणून पढवून ठेवतो, कारण १४ च्या आंतील मुलास कामावर ठेवणें हाच गुन्हा आहे. मग एखादे दिवशीं पाकीट सांपडत नाहीं, पोलीस येतात, आणि भेदरलेला पोरगा पढविलेलेंच उत्तर देतो. अशा वेळीं त्यास त्याच्या शाळेचें नांव विचारावें. मुलास सरकारी खर्चानें वकील मिळतो. त्या वकिलाकडून शाळेच्या मुख्याध्यापकांस पत्र जावें, आणि उत्तर येईपर्यंत त्याचें वय अठरा असें कोणीं लिहूं देऊं नये.