वाडीतल्या खोल्यांपर्यंत वाय-फाय

कोकणात कृषी पर्यटनासाठी वाडीत चार-पाच खोल्या बांधल्या, की पाहुणे आल्याआल्या वाय-फायची चौकशी करतात. मग मुख्य घरात मोठ्या अँटेनांचा महागडा राउटर आणला जातो, आणि पैसे तिथेच वाया जातात. राउटरचा सिग्नल खोलीपर्यंत गेला, तरी पाहुण्याच्या मोबाइलचा क्षीण सिग्नल परत राउटरपर्यंत पोचायला हवा ना! मध्ये जांभ्याची जाड भिंत, पावसात ओलीचिंब झालेली झाडी, आणि पत्रा असेल तर तो लहरी परतवूनच लावतो.

म्हणून प्रत्येक खोलीत छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारं उपकरण, बसवा आणि तिथवर केबल न्या. तांब्याची इथरनेट केबल 100 मीटरपर्यंतच चालते. माझं मत विचाराल, तर दोन इमारतींमध्ये अंतर कमी असलं तरी फायबरच टाका. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या गडगडाटात उपकरणं जळण्याचा धोका बराच कमी होतो. 2.4 गिगाहर्ट्झवर शेजारच्या खोल्यांना 1, 6, 11 अशी वेगवेगळी चॅनेल द्या.

नळाच्या पाइपलाइनसाठी चर खणाल, तेव्हाच फायबरसाठी वेगळा रिकामा पाइप टाकून ठेवा.