चाकं आहेत म्हणून

खिडक्यांना पडदे, आत टेबल, फ्रिज, निजायला बाकं. एवढं असलेली गाडी ही गाडी म्हणायची की घर? अमेरिकेत सॅन डिएगोला १९७९ च्या मे महिन्यात असं एक मोटर होम भर शहरात उभं होतं. अमली पदार्थविरोधी खात्याची माणसं सव्वा तास पाळतीवर होती. आतून आलेल्या पोराकडून गांजाची देवघेव कळली, तेव्हा त्यालाच त्यांनी दार वाजवायला लावलं. मालक बाहेर आला आणि वॉरंट नाही, संमती नाही, तसाच एक अधिकारी आत शिरला. टेबलावर गांजा, पिशव्या, तराजू! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ही झडती बेकायदा ठरवली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र १९८५ मध्ये ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ती ग्राह्य धरली.

सरन्यायाधीश बर्गर यांचं म्हणणं असं, की गाडी केव्हाही निघून जाईल, शिवाय वाहनावर सरकारी नियम इतके, की तिथे खासगीपणाची अपेक्षाच कमी. पहिला मुद्दा दारूबंदीच्या काळातला, १९२५ च्या कॅरोल खटल्यातला. तिथे हमरस्त्यावर अडवलेल्या मोटारीच्या गादीत दारू दडवली होती. इथे मालक खाली उतरलेला, अधिकारी दाराशी आणि न्यायालय काही चौकांवर. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमतात नेमकं तेच दाखवलं. पळून जाण्याची भीती गाडी अडवून ठेवायला पुरते, कपाटं उघडायला नाही. आणि नियमांचंच म्हणाल तर घरांवर ते काय कमी आहेत? तरी मालकानं नकार दिल्यास घरतपासनिसालासुद्धा वॉरंट लागतं, हे याच न्यायालयानं १९६७ मध्ये सांगितलं होतं.

रस्त्यावरच्या पोलिसानं कुठल्या गाडीत कोण राहतं याची चौकशी करत बसायचं का, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण वॉरंट म्हणजे झडतीला बंदी नव्हे. आधी दंडाधिकाऱ्याला कारण पटवून द्या, एवढंच. जिवावरचा प्रसंग असेल तर तेवढंही थांबावं लागत नाही. उभ्या गाडीचे पडदे ओढलेले दिसले, की शंकेचा फायदा राहणाऱ्याला द्यायला काय हरकत आहे?

ठोकळ्यांवर चढवलेल्या, नळ-वीज जोडलेल्या मोटर होमचा प्रश्न न्यायालयानं तळटीपेत खुला ठेवला. म्हणजे जागाभाडं भरून वीज जोडून घेणाऱ्याला निदान वाद घालता येईल. घरभाडं झेपत नाही म्हणून लॉस एंजेलिसच्या रस्त्याकडेला व्हॅनमध्ये झोपणाऱ्याला तेवढीही सोय नाही.